अग्निबाण हे जगातील आश्चर्य म्हणावे काय?



दिनांक २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आपणापैकी बहुतेकांना आठवत असेल. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे 'विक्रम' हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद टेकले आणि घराघरांतून टाळ्या वाजल्या. नांदेड जिल्ह्यातील ज्या शाळेत मी शिकवते, त्या शाळेत दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. एका मुलीने उभे राहून विचारले, "बाई, ताजमहाल जगातलं आश्चर्य आहे, मग आपलं रॉकेट का नाही?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "माझी आजी म्हणते, देवाची कृपा झाली म्हणून ते गेलं. मग त्यात रॉकेटचं काय आश्चर्य?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलाचे घर मला ठाऊक आहे. त्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, पौर्णिमेला वंदना होते. धम्म घरात आला, जुने देव्हारे गेले; पण 'कृपा' हा शब्द मात्र अजून उंबऱ्याच्या आतच आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो अनेकांच्या घरात आहे. माझ्या आईच्या तोंडी तो आजही येतो.

त्या दोन मुलांचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. अग्निबाणाला आश्चर्य म्हणावे काय, आणि म्हणावयाचे तर कोणत्या अर्थाने म्हणावे? वरवर पाहता हा शाळकरी वादविवादाचा विषय आहे. परंतु आपण कशापुढे थक्क व्हावे आणि थक्क झाल्यावर काय करावे, हा प्रश्न प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहे. म्हणून आपण त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

आश्चर्यांची यादी

सात आश्चर्यांची कल्पना मूळची ग्रीकांची. त्यांनी त्या यादीसाठी जो शब्द योजिला होता, त्याचा अर्थ 'पाहण्याजोग्या गोष्टी' एवढाच होता. पुढे त्याचे 'आश्चर्य' झाले. त्या जुन्या सातांपैकी आज इजिप्तमधील गिझाचा पिरॅमिड तेवढा उभा आहे. २००७ साली लोकांची मते मागवून नवी यादी जाहीर करण्यात आली, तीत ताजमहाल आला. या दोन्ही याद्यांतील वस्तू तपासून पाहा. त्या भव्य आहेत, एका जागी उभ्या राहाव्यात म्हणून बांधलेल्या आहेत आणि बहुतेकांच्या मागे कोणा राजाची, देवाची किंवा मृताची स्मृती आहे.

या कसोटीवर अग्निबाण पहिल्याच पायरीवर नापास होतो. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून ज्या अग्निबाणाने चांद्रयान-३ वर नेले, त्याची उंची साडेत्रेचाळीस मीटर होती आणि वजन सुमारे ६४० टन. त्याने वर नेलेले यान होते सुमारे ३,९०० किलोचे. आपल्या भाषेत सांगायचे तर एक क्विंटल सोयाबीन गाडीत भरावे आणि त्यातले जेमतेम सहाशे ग्रॅम बाजाराला पोहोचावे, असा हा व्यवहार. बाकीचे जवळजवळ सारे इंधन, आणि ते वाहून नेणारी टाकी व कवचे. सुमारे सोळा मिनिटांत यान मोकळे झाले आणि अग्निबाणाचे काम संपले. एवढ्या कष्टाने बांधलेली वस्तू जाळून टाकण्यासाठीच बांधलेली होती. तिच्यापाशी सहल नेता येत नाही.

मग मागे उरले काय? उरली ती रीत. पहिला अग्निबाण जळाला, तरी त्याच आराखड्यावरून दुसरा करता येतो. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरीत नेऊन घडविले. तसे दुसरे कैलास पुन्हा कोणी कोरलेले नाही. अग्निबाण मात्र पुन्हा करता येतो, दुसऱ्याला शिकविता येतो. आश्चर्याची कसोटी 'पाहण्याजोगे' अशी न ठेवता 'समजून घेण्याजोगे' अशी ठेवली, तर अग्निबाणाची जागा यादीत फार वर लागेल.

येथे मी आणखी एक गोष्ट नमूद करते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे दान कोरून ठेवलेले आहे. सव्विसाव्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्र यांचे नाव आहे. पण छिन्नी कोणाच्या हातात होती? त्या हातांची नावे भिंतीवर नाहीत. चांद्रयान-३ वर नेणाऱ्या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे जे दोन मोठे भाग बांधलेले असतात, त्यांच्या कवचांचे काही तुकडे आपल्या पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात तयार होतात. ते जोडणारे फिटर आणि वेल्डर कोण, हे आपल्याला ठाऊक नसते. ज्या समाजाची माणसे पिढ्यान् पिढ्या दगड फोडीत आली, त्या समाजाने तरी कोणतेही आश्चर्य पाहताना पहिल्यांदा विचारावे, की हे केले कोणत्या हातांनी?

चमत्कार आणि आश्चर्य

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आकाशात उडणे हीच जर थोरवी असेल, तर तथागतांच्या काळातही एकाने ती दाखविली होती, अशी कथा विनयपिटकात आलेली आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे एक पात्र उंच कळकाच्या टोकाला बांधले आणि ज्याच्या अंगी सिद्धी असेल त्याने ते उतरवून न्यावे, असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज नावाचे भिक्खू हवेत उडाले, त्यांनी ते पात्र घेतले आणि नगराभोवती फेऱ्या मारल्या. लोक जयघोष करीत त्यांच्या मागे धावले. आता तथागतांनी काय करावे? शिष्याचा गौरव केला असता तर संघाचे अनुयायी एका दिवसात वाढले असते. परंतु त्यांनी पिंडोलांची कठोर कानउघाडणी केली, ते पात्र फोडून त्याचे तुकडे अंजनात मिसळण्यासाठी वाटून टाकण्यास सांगितले आणि गृहस्थांपुढे अशा सिद्धी दाखविण्यास भिक्खूंना मनाई केली.

दीघनिकायातील केवट्ट सुत्तात हीच भूमिका अधिक स्पष्ट होते. केवट्ट नावाचा गृहस्थ नालंदा येथे तथागतांना विनवितो, की एखाद्या भिक्खूला चमत्कार करावयास सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत त्याला तीन प्रकारची प्रातिहार्ये सांगतात : सिद्धींचे, दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचे आणि शिकवणुकीचे. पहिल्या दोहोंविषयी ते नापसंती व्यक्त करतात, कारण अश्रद्ध माणूस म्हणेल की ही तर मंत्रतंत्राची करामत आहे. शिकवण माणसाला बदलते, हेच खरे प्रातिहार्य होय.

या कथा मी इतिहास म्हणून सांगत नाही. माणूस खरोखर उडाला असे मानण्याचे आपल्याला कारण नाही. त्यांतला विचार मात्र मोलाचा आहे. जे पाहून माणूस तोंडात बोट घालतो आणि तेथेच थांबतो, तो चमत्कार. जे पाहून माणूस 'हे कसे झाले?' असे विचारतो आणि ज्याचे उत्तर त्याला मिळू शकते, ते आश्चर्य. चमत्काराचे वैभव झाकून ठेवण्यात असते, आश्चर्याचे उघडून दाखविण्यात.

अग्निबाण कोणत्या बाजूला बसतो? आपल्या मुलाच्या हाती एक फुगा द्या, तो फुगवून तोंड न बांधता सोडून द्यावयास सांगा. हवा मागे जाते, फुगा पुढे जातो. न्यूटनने सतराव्या शतकात सांगितलेला क्रिया-प्रतिक्रियेचा नियम तो हाच, आणि अग्निबाण उडतो तो याच नियमाने. इंधनाचा जळलेला वायू प्रचंड वेगाने खाली फेकला जातो आणि यंत्र वर ढकलले जाते. रिकामे झालेले टप्पे वाटेत टाकून द्यावयाचे, म्हणजे उरलेले ओझे हलके होते. बाकी सारे गणित, धातुशास्त्र, रसायनशास्त्र आणि वर्षानुवर्षांचे कष्ट. या देशात हे काम सुरू झाले तेव्हा केरळातील थुंबा येथे एका जुन्या चर्चच्या आवारात कार्यशाळा होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेत असत. पहिला अग्निबाण तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सुटला. घन इंधनाच्या कामात आपल्या मराठी मुलखातील डॉ. वसंत गोवारीकर यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. त्या कामात कोठेही 'कृपे'ला जागा नाही.

आक्षेप घेतला जाईल, की खुद्द शास्त्रज्ञच जुलै २०२३ मध्ये चांद्रयानाची लहान प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले होते, मग आम्ही अडाण्यांनी कृपा मानली तर काय बिघडले? प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, ते मी नाकारीत नाही. पण त्याच शास्त्रज्ञांनी उड्डाणाआधी इंधनाचे वजन कमी-जास्त चालेल असे मानले होते काय? एखादी झडप न तपासता सोडून दिली होती काय? देवदर्शन त्यांचे खासगी मन सांभाळते. अग्निबाण सांभाळते ती तपासणी. मुलांना आपण यांतले काय शिकवावयाचे, हे आपण ठरवावयाचे आहे.

दहा दिवसांतील दोन पडझडी

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, हे दाखविण्यासाठी मी आपल्याच मातीतले एक उदाहरण देते. २० सप्टेंबर १९९३ रोजी भारताचा पी. एस. एल. व्ही. हा नवा अग्निबाण पहिल्यांदा उडाला आणि बंगालच्या उपसागरात कोसळला. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात धरणी हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमचे गाव औसा तालुक्यातले. मी तेव्हा कडेवरचे मूल होते. आई सांगते, की गणपती विसर्जनाची ती रात्र होती आणि पहाटेपासून माणसे एकच बोलत होती, देवीचा कोप झाला.

कोप म्हटले की पुढे करण्यासारखे काय उरते? नवस बोलावा, बकरे कापावे, कोणाच्या पापाने हे झाले ते शोधावे. पाप शोधू लागले की बोट कोणाकडे वळते, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

कारण विचारले, तर मात्र वेगळेच उत्तर मिळते. भूकंप झाला तो भूगर्भातील ताणामुळे. माणसे मात्र मेली ती घरांखाली. आमच्या भागात माळवदाची घरे होती. दगड आणि मातीच्या हात-दोन हात रुंद भिंती, वर लाकडे आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहणारी तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर बसली. हे कळल्यावर करता येण्यासारखे पुष्कळ होते. भिंती कशा बांधाव्यात, कोपरे कसे सांधावेत, छप्पर हलके कसे करावे, हे शिकता येत होते. पुनर्वसनाच्या नव्या गावांतून ते शिकले गेले.

तिकडे अग्निबाणाच्या बाबतीतही कोणी कोप म्हटले नाही. चौकशी झाली. दुसरा टप्पा विलग होताना तोल ढळला आणि नियंत्रणाच्या आज्ञावलीत चूक असल्यामुळे तो सावरला गेला नाही, असे निष्पन्न झाले. ती चूक दुरुस्त करण्यात आली आणि १५ ऑक्टोबर १९९४ रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला. २००८ साली भारताचे पहिले चांद्रयान त्याच जातीच्या अग्निबाणाने नेले. त्याआधी १० ऑगस्ट १९७९ रोजी एस. एल. व्ही.-३ कोसळला होता, तो १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झाला. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे अवतरण फसले, ते चार वर्षांनी चांद्रयान-३ ने साधले.

चमत्कार कधी चुकत नाही, कारण तो चुकला तर भक्ताचीच श्रद्धा कमी पडलेली असते. अग्निबाण चुकतो, आणि चूक झाली असे करणारे उघडपणे सांगतात. हेतू आणि प्रत्यय यांवाचून काही घडत नाही, हे आपण वंदनेनंतर ऐकतो. त्या तत्त्वावर विसंबून माणसाने केलेली एवढी मोठी वस्तू मला तरी दुसरी दिसत नाही. सबब, अग्निबाणाला आश्चर्य म्हणावे, असे माझे नम्र मत आहे.

चंद्रावरचे पाणी आणि लातूरचे पाणी

पण एवढ्यावर थांबलो तर आपण आपलीच फसवणूक करू. पहिल्या चांद्रयानाच्या निरीक्षणांतून चंद्रावर पाण्याचे अंश असल्याचे सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर झाले. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरात बी. एड. करीत होते. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचा आदेश लावावा लागला होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती पाहण्यास माणसे फलाटावर जमली होती. मी त्या दिवसांत रात्री दोनला उठून घागरी रांगेत लावीत असे. रांगेत एक वृद्ध बाई म्हणाल्या, "चंद्रावरचं पाणी दिसतंय म्हणं सरकारला. आमचं रांजण दिसंना."

त्या माउलींना मला उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करते. दोष अग्निबाणाचा नाही. त्याने वर नेलेल्या उपग्रहांच्या छायाचित्रांवरून भूजलाचे नकाशे तयार झाले आहेत, कोठे पाणी लागण्याचा संभव आहे हे त्यांवरून कळते. पण नकाशा विहीर खोदत नाही. उसाला किती पाणी द्यावे आणि वस्तीला किती, हे उपग्रह ठरवीत नाही. विहीर खोदली तरी तिच्यावर कोणी पोहरा टाकावा, हेही तो ठरवीत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या तळ्यात पाणी भरपूर होते. उणीव पाण्याची नव्हती, माणुसकीची होती. ती उणीव भरून काढणारे यंत्र कोठल्याही कारखान्यात होत नाही.

याहून जड गोष्ट पुढे आहे. हाताने मैला साफ करावयास लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तरी गटारात माणसे उतरविली जातात आणि विषारी वायूने मरतात. चंद्रावर यान उतरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला अशा मृतांच्या कुटुंबीयांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. मरणारे कोणत्या वस्त्यांतले असतात, हे मी आपल्याला सांगावयास नको.

आश्चर्याचे ऋण

काही वाचक म्हणतील, मग अग्निबाणावरचा खर्च बंद करावा आणि तो पैसा गटारांसाठी द्यावा. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. माझे मत तसे नाही. आपल्या मुलांच्या वाट्याची प्रयोगशाळा बंद करून कोणाच्या वाट्याची विहीर खोदली जाईल, याची मला खात्री नाही. आणि विज्ञानाच्या दारात आपण उशिरा पोहोचलो आहोत. पोहोचताच ते दार बंद करा असे आपणच म्हणावे, हे शहाणपणाचे नाही.

मला म्हणावयाचे आहे ते निराळे. अग्निबाणाला आश्चर्य म्हटले की त्याचे एक ऋण आपल्यावर, या देशावर, चढते. जोवर माणसाला चंद्र गाठता येत नव्हता, तोवर 'हे काम अवघड आहे' अशी सबब चालत होती. पावणेचार लाखांहून अधिक किलोमीटरवर यंत्र अलगद उतरविणारा देश पंधरा फूट खोल गटारात माणसाऐवजी यंत्र उतरवू शकत नाही, हे आता कोणी खरे मानावे? अवघडपणाची सबब त्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी संपली. यापुढे जे होत नाही, ते जमत नाही म्हणून नव्हे, तर करावयाचे नाही म्हणून होत नाही. हे उघडे पाडणारी वस्तू म्हणून मला अग्निबाण आश्चर्यांच्या यादीत हवा आहे.

मग आपण काय करावे? मोठे काही नको. घरात 'कृपा झाली', 'कोप झाला' असे शब्द निघाले, की तेथेच न रागावता विचारावे, कारण काय झाले? ताप आला, कारण काय? पीक गेले, कारण काय? मूल नापास झाले, कारण काय? म्हाताऱ्या माणसांना दुखवू नये. त्यांना त्या काळी कारण विचारण्याचीही मुभा नव्हती. परंतु मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नये, आणि उत्तर येत नसेल तर 'मला येत नाही, आपण शोधू' असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. माझे वडील अंगठा करीत. पण मी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी कधी 'गप बस' म्हटले नाही. मी पदवीपर्यंत पोहोचले, त्याचे कारण मला विचाराल तर हेच सांगेन.

त्या दिवशी मी वर्गात फुगे आणले. दोरा बांधला, नळी ओवली, फुगा चिकटवून सोडला. तो सरसरत भिंतीवर जाऊन आपटला. आजीचे नाव सांगणारा तो मुलगा तीन वेळा उठून पुढे आला. तिसऱ्या वेळी त्याने विचारले, "बाई, हे घरी नेऊ? आजीला दाखवायचंय."

मी त्याला दोन फुगे दिले. एक फुटला तर दुसरा असावा म्हणून.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.